ताटाची डावी बाजू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाज्या चिरणे व मांडणे हा विषय आमच्या चिटणीसबाईंनी मला दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पुस्तकातले न सांगता रोजच्या हातातलेच सांगते.

आपल्याकडे पान वाढण्याला शिस्त आहे. वर मध्ये मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, आमटी. ही डावी बाजू म्हणजेच ताटाची शोभा. पांढऱ्या भाताशेजारी गाजराची केशरी कोशिंबीर आणि कोथिंबिरीची हिरवी चटणी दिसली, की न जेवणारे मूलही पाटावर येऊन बसते. टेबलावर बशी मांडा नाहीतर पंगतीत पान वाढा, गोष्ट एकच.

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात ठेवली, तर त्यातले क जीवनसत्त्व पाण्यात उतरते आणि मोरीत जाते. कच्ची खायची भाजी तर वाहत्या, स्वच्छ पाण्यात चोळून धुवावी. जेवणाच्या अगदी आधी चिरावी. सुरीला धार असावी. बोथट सुरीने टोमॅटो चिरत नाही, चेंगरतो.

काकडीच्या देठाकडची चकती आधी चाखून पाहावी. एक कडू काकडी सगळी बशी बिघडवते. साल न काढता काकडीवर काट्याने उभ्या रेघा ओढाव्या आणि मग चकत्या कराव्या. कडेला सुरेख नक्षी येते. गाजराला चार-पाच उभ्या खाचा पाडून चकत्या केल्या, की फुले तयार. खाचांतून निघालेले तुकडे टाकू नयेत, कोशिंबिरीत जातात. बीट मात्र वेगळ्या वाटीत ठेवावे, नाहीतर ते शेजाऱ्यांना रंगवते. मीठ आयत्या वेळी घालावे. आधी घातले, की पाणी सुटते आणि सगळे मऊ पडते. खमंग काकडीचेही तसेच. चोचवून, दाण्याचे कूट, खोबरे घालून ठेवा, पण मीठ आणि फोडणी पाने घेताना.

मुळ्याच्या तुकड्याला पाकळ्यांसारखे काप देऊन गार पाण्यात ठेवले, की फूल उमलते. पाहुणे येणार असतील तर एखादे करावे. पण जे नुसते पाहायचे आणि मग टाकायचे, त्यावर तासभर घालवू नये. भाजी महाग असते. बशी रिकामी होऊन परत आली, तरच ती चांगली सजली म्हणावे.

आता खरे सांगायचे ते. ही बशी आधी मुलांपुढे, पुरुषांपुढे, पाहुण्यांपुढे जाते. आपण मागाहून बसतो, तेव्हा तिच्यात काय उरलेले असते? एक मऊ चकती आणि पिळलेले लिंबू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या दर १०० बायकांत ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्या ५७ जणी कुठे दूर नाहीत. आपल्याच ओळींत बसल्या आहेत. पालेभाजीतले आणि उसळीतले लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. म्हणजे ज्या फोडीवाचून आपण रोज जेवतो, तिची गरज सगळ्यांत जास्त आपल्यालाच. ज्यांना थकवा, चक्कर जाणवते, त्यांनी नुसत्या लिंबावर न राहता रक्त तपासून घ्यावे.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. घरात माणसे पाच असतील, तर लिंबाच्या फोडी पाच करा. चार करून "मला नको" म्हणू नका. कोशिंबीर वाढताना आपलीही वाटी भरून ठेवा. जमेल त्या घरी सगळ्यांबरोबरच बसा. सुनेची, लेकीची वाटीही विसरू नका. आपण खाताना पाहिले, म्हणजे त्याही खातील.