हाडांचे औषध आणि मूत्रपिंडे



वसंत ऋतूत श्रोत्यांनी काव्यविनोदाची अपेक्षा करावी आणि वक्त्याने मूत्रपिंडांची कथा लावावी, हा रसभंग खरा. पण समोर पिकले केस पुष्कळ दिसतात, म्हणून धीर केला.

उतारवयात हाडे ठिसूळ होतात. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि धडधाकट आजी अंथरुणाला खिळते. यावर झोलेड्रोनिक ॲसिड नावाचे औषध वर्षातून एकदा शिरेतून देतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, तीन वर्षांत, त्याने खुब्याचे अस्थिभंग ४१ टक्क्यांनी कमी केले. तेव्हा औषधाची निंदा करायला मी उभा नाही.

पण हे औषध शरीरात गेल्यावर जाते कोठे? काही हाडांना चिकटून बसते. उरलेले जसेच्या तसे मूत्रपिंडांतून बाहेर पडते. ते घाईने सोडले, तर मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा होऊ शकते. कर्करोगाच्या रुग्णांवरील पूर्वीच्या चाचण्यांत ते पाच मिनिटांत देत. मूत्रपिंडे बिघडू लागली, तेव्हा वेळ १५ मिनिटांवर नेली आणि आठ मिलिग्रॅमची मात्रा चारवर आणली. हाडांच्या ठिसूळपणासाठी पाच मिलिग्रॅम देतात, तेही १५ मिनिटांहून कमी वेळात कधीच नाही. २०११ साली अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने बजावले, की ज्याची मूत्रपिंडे मिनिटाला ३५ मिलिलिटरपेक्षा कमी रक्त शुद्ध करतात, त्याला हे देऊ नये. काही रुग्णांवर डायलिसिसची पाळी आली होती. काही दगावलेही होते.

मग रक्त तपासले की झाले, असे आपण म्हणाल. गंमत इथेच आहे! क्रिएटिनिन हा पदार्थ स्नायूंतून येतो. चाळिशीच्या, सत्तर किलोच्या गृहस्थाचे क्रिएटिनिन १ आले, तर कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या १९७६ च्या सूत्राने त्याची मूत्रपिंडे सुमारे ९७ मिलिलिटर काम करतात. ऐंशी वर्षांच्या, चाळीस किलोच्या आजींचेही क्रिएटिनिन १ च आले, तर? हिशेब येतो सुमारे २८! कागदावर दोघांपुढेही ‘नॉर्मल’. आजींच्या अंगावर स्नायूच उरलेले नसतात, तर रक्तात क्रिएटिनिन वाढणार कोठून? तेव्हा नुसता आकडा वाचून भागत नाही. वय आणि वजन घालून गणित प्रत्येक वेळी, सलाईन लावण्यापूर्वी, करावे लागते.

त्यातून हा वैशाख. रात्री उठावे लागू नये म्हणून आजी पाणी पीत नाहीत, एकादशीला तर निर्जळी. गुडघे दुखतात म्हणून वेदनाशामक गोळी, रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी दुसरी. यांतली एकेक गोष्ट मूत्रपिंडांना जड. चारही एकत्र आल्या, आणि त्याच दिवशी हे औषध शिरेत गेले, तर काय व्हावे? डॉक्टरांना या गोळ्या ठाऊक नसतात, कारण त्या डब्यात असतात, कागदावर नसतात. जाताना तो डबाच बरोबर न्या. आणि त्या दिवशी औषधाआधी दोन पेले पाणी आजींना समोर बसवून पाजा. पाण्याला डॉक्टरांनीच मर्यादा घातली असेल, तर मात्र आधी त्यांना विचारा.