रजोनिवृत्ती आणि औषधाची वेळ



हा विषय जाहीर सभेत काढण्याचा नव्हे, असे कित्येकांना वाटेल. परंतु घरोघर घडणारी गोष्ट माजघरात कुजबुजत ठेवल्याने तिचा त्रास कमी होत नाही. म्हणून आम्ही ती येथे मांडीत आहोत.

पाळी सलग बारा महिने आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. बीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन आटते. अंगातून एकाएकी वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. आटलेले संप्रेरक बाहेरून देणे हा त्यावरचा एक उपाय. तो करावा की न करावा, एवढाच वाद लोक घालतात. आमच्या मते, केव्हा करावा हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

पहिला 'केव्हा' वयाचा. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा अमेरिकेतील एक मोठा प्रयोग २००२ साली मध्येच थांबवावा लागला. वर्षाकाठी दर १०,००० स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण ३० ऐवजी ३८ आढळले, हृदयविकारही वाढला. भयाने असंख्य स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या. पण प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय होते ६३! पुढे वयोगटवार आकडे तपासले गेले. साठीच्या आत, अथवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्या, त्रास असलेल्या पण एरवी निरोगी स्त्रीला बहुधा धोक्याहून लाभ अधिक, असे आज तज्ज्ञ मानतात.

दुसरा 'केव्हा' महिन्याचा. गर्भाशय शाबूत असता नुसते इस्ट्रोजेन दिल्यास आतील अस्तर वाढून कर्करोगाचा संभव असतो. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन हवे: पाळी नुकती थांबत असेल तर महिन्यातून १२ ते १४ दिवस, थांबून वर्ष लोटले असेल तर बहुधा रोज.

तिसरा 'केव्हा' दिवसाचा. प्रोजेस्टेरॉनच्या गोळीने गुंगी येते. म्हणून ती निजताना घ्यावी. रात्र रात्र जागणाऱ्या बाईला औषधाचा हा दोषच गुण ठरतो. इस्ट्रोजेनची गोळी सकाळी घ्या वा रात्री, वेळ मात्र रोज एकच असावी.

आता आपल्याच प्रांतातील गोष्ट. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीच्या स्त्रियांच्या पिशव्या ऐन तारुण्यात काढल्या जातात, यावर २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अशा शस्त्रक्रियेत बीजांडकोशही गेले, तर तिशीतच रजोनिवृत्ती येते. शास्त्र सांगते, दुसरी अडचण नसल्यास अशा स्त्रीला निदान नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरक द्यावे. ज्यांना ते सर्वांत आधी हवे, त्यांनाच ते कोणी सांगत नाही!

स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी वा पक्षाघात होऊन गेलेल्यांना हा उपाय सहसा वर्ज्य समजावा. इतरांनी डॉक्टरांना 'घेऊ का?' एवढेच न विचारता 'माझ्या प्रकृतीला केव्हापासून, कोणत्या वेळी आणि किती वर्षे?' असेही विचारावे. आणि बंधूंनो, ते विचारायला जाताना आपण सोबत असावे, एवढीच आमची विनंती.