दात्यांची आठवण



माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये एकेकाळी खाडी आडवी होती. नावेशिवाय गत्यंतर नव्हतं आणि पावसाळ्यात ती नाव म्हणजे जिवाशी खेळ. रस्ता बांधायला सरकारनं हात आखडता घेतला, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई पुढे आल्या. त्यांनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट एकच, या वाटेनं जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही! १८४५ साली माहीम कॉजवे खुला झाला. डोक्यावर पाटी घेतलेली बाई असो की घोडागाडीतला शेठ, वाट सगळ्यांना सारखीच मोकळी झाली.

पुढे १९१६ मध्ये महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. गावोगावी फिरून, लहानमोठ्या देणग्या गोळा करून त्यांनी आपलं काम उभं केलं होतं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठासाठी १५ लाखांची देणगी जाहीर केली आणि त्याला त्यांच्या आईचं नाव लाभलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. हेच आपलं एसएनडीटी.

दात्याचं नाव कोरून ठेवायचं ते कृतज्ञता म्हणून आणि पुढच्या दात्याला हुरूप यावा म्हणूनही. पण अशा कामांना थोरामोठ्यांइतकाच सामान्यांचा हातभार लागतो. तेव्हा आपल्या गावच्या वाचनालयाला, शाळेला, दवाखान्याला फूल ना फुलाची पाकळी अवश्य द्या.