गावची दिवाबत्ती : खांब एकाचा, दिवा दुसऱ्याचा

(ग्रामपंचायत पदाधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



ग्रामपंचायतीच्या करमागणीच्या देयकात घरपट्टीच्या खाली ‘दिवाबत्ती कर’ अशी एक ओळ असते. रक्कम फार मोठी नसते आणि ती भरणाऱ्या ग्रामस्थाची अपेक्षाही मोठी नसते. तिन्हीसांजा झाल्या की वाटेवरचा दिवा लागावा, एवढेच त्याचे मागणे असते. तो लागला नाही की तक्रार ग्रामपंचायतीकडे येते. ग्रामपंचायत सांगते, खांबावर चढण्याचा अधिकार आमचा नाही. वीज कंपनीचा जनमित्र सांगतो, दिवा कंपनीचा नाही. दोघांचेही म्हणणे खरे असते आणि गल्लीचा आठवडा अंधारात जातो.

या अडचणीचे मूळ कायद्याने आखलेल्या हद्दीत आहे. गावात दिवाबत्तीची सोय करणे हे काम १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामपंचायतीच्या कामांच्या सूचीत घातलेले आहे. नगरपरिषदा व महानगरपालिका यांच्या अधिनियमांतही तशीच तरतूद आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत रस्त्यांवरील दिव्यांचा स्पष्ट उल्लेख येतो, तर अकराव्या अनुसूचीत ग्रामीण विद्युतीकरण आणि सामूहिक मालमत्तेची देखभाल हे विषय पंचायतींसाठी नमूद आहेत. दिवा लावण्याचे कर्तव्य अशा रीतीने स्थानिक संस्थेचे ठरते. परंतु दिव्यापर्यंत वीज आणणारे रोहित्र, तारा आणि बहुतेक ठिकाणी खांबसुद्धा १९६० पासून राज्य विद्युत मंडळाकडे होते, आणि २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यापासून राज्याच्या बहुतांश भागात ते महावितरण कंपनीकडे आहेत. कर्तव्य एकाचे आणि साधन दुसऱ्याचे, अशी ही स्थिती आहे.

सर्वत्र हीच पद्धत आहे असे मात्र नाही. मुंबईत रस्त्यांवरील दिव्यांची देखभाल वीज वितरण करणाऱ्या संस्था पाहतात आणि खर्च महानगरपालिका देते. शहर भागात बेस्ट उपक्रम, उपनगरांच्या मोठ्या भागात अदानी इलेक्ट्रिसिटी आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण, अशी तेथील वाटणी आहे. तार व दिवा एकाच हाताखाली असल्यामुळे खांबावर कोणी चढायचे हा वाद तेथे उद्भवत नाही. तथापि महापालिका व वीज कंपनी यांच्यातील करार कोलमडला तर काय होते, याचा अनुभव मुंबईने फार पूर्वीच घेतलेला आहे. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्ते विजेच्या दिव्यांनी उजळण्यासाठी तेथील पालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला. पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले आणि मार्केटमध्ये पुन्हा गॅसचे दिवे लावावे लागले. त्या वेळी परत जाण्यासाठी गॅसचे दिवे तरी होते.

खेड्यातील परिस्थितीचा विचार करताना प्रथम खांबावरील तारांकडे पाहिले पाहिजे. गावठाणातील खांबांवरून बहुधा पाच तारा जातात. तीन फेजच्या, एक न्यूट्रल आणि एक दिवाबत्तीची स्वतंत्र तार. दिवाबत्तीचा स्विच बंद केला की केवळ ती शेवटची तार बंद होते. उरलेल्या तीन फेजमध्ये वीज तशीच खेळत असते आणि त्या तारा दिवा बदलणाऱ्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात असतात. ग्रामपंचायतीने बोलाविलेला गावातील वायरमन बांबूची शिडी लावतो, ‘लाइट बंद केली’ असे खालून कोणीतरी ओरडून सांगते, आणि तो निर्धास्तपणे वर चढतो. सणाच्या आदल्या दिवशी, पावसाची भुरभुर चालू असताना, मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आग्रह मोडवत नाही म्हणून असे प्रकार हमखास घडतात. यात माणूस दगावतो. तो कंपनीचा नोकर नसतो आणि ग्रामपंचायतीच्या हजेरीपटावरही त्याचे नाव नसते. मग त्याच्या कुटुंबाने भरपाईसाठी कोणाच्या दारात जायचे, हा प्रश्न उभा राहतो.

यास्तव कंपनीच्या तारा असलेल्या खांबावर चढावयाचे झाल्यास कंपनीच्या अधिकृत कर्मचाऱ्याने रोहित्रावरून, म्हणजे गावच्या भाषेत डीपीवरून, पुरवठा बंद केला पाहिजे, फ्यूज काढून घेतले पाहिजेत आणि तशी लेखी परवानगी दिली पाहिजे. त्यानंतरही तारा एकमेकींना जोडून जमिनीशी जोडाव्या लागतात, कारण एखाद्या घरातील जनरेटर किंवा सदोष जोडणीचा इन्व्हर्टर बंद तारेत उलटी वीज सोडू शकतो. काम आटोपल्यावर चढलेली सर्व माणसे खाली उतरली आहेत याची खात्री करूनच पुरवठा सुरू करावयाचा असतो. ‘फक्त एक बल्ब तर बदलायचा आहे’ या सबबीखाली यातील एकही पायरी गाळता येत नाही.

प्रत्येक बंद दिव्यासाठी हा सारा सोपस्कार करणे उभयतांना जड जाते, ही गोष्ट खरी आहे. एका दिव्यासाठी अर्ध्या गावाची वीज बंद ठेवण्यास कनिष्ठ अभियंता नाखूश असतो आणि जनमित्राकडे अनेक गावांचे काम असते. यावर उपाय साधा आहे. कंपनीचे शाखा कार्यालय आणि ग्रामपंचायत यांनी मिळून पंधरवड्यातील एक दिवस व वेळ ठरवून घ्यावी. त्या दिवशी वीज ठराविक वेळ बंद राहील हे गावाला अगोदर कळवावे. ग्रामपंचायतीने दिवे, होल्डर, वायर व तंत्री तयार ठेवावा, आणि साठलेल्या सर्व तक्रारी एका फेरीत निकालात काढाव्यात. पुष्कळदा कंपनीचा माणूस येतो तेव्हा ग्रामपंचायतीकडे दिवा नसतो, आणि दिवे खरेदी होतात तेव्हा वीज बंद करून मिळत नाही. तारीख ठरली की हा घोळ पुष्कळ अंशी मिटतो.

परस्परांशी न बोलण्याने पैसा कसा वाया जातो, याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकाच ओळीतील पाचसात दिवे एकदम जळाले, नवे बसविले आणि महिन्याभरात तेही गेले, असे अनेक गावांत होते. ग्रामपंचायत ठेकेदाराला दोष देते. ठेकेदाराने हलका माल दिलेला असू शकतो. परंतु न्यूट्रलची तार सैल झाली किंवा तुटली तर दिव्यांना २३० व्होल्टऐवजी पुष्कळ जादा दाब मिळतो, आणि एलईडी दिव्यातील नाजूक मंडल, ज्याला तंत्री ड्रायव्हर म्हणतात, ते जळून जाते. हा दोष कंपनीच्या तारेत असतो आणि भुर्दंड ग्रामपंचायतीला पडतो. तिसऱ्यांदा दिवे खरेदी करण्यापूर्वी न्यूट्रल तपासून मिळावी, असे लेखी पत्र शाखा कार्यालयाला देणे केव्हाही स्वस्त पडते.

देयकाचे गणितही पाहण्यासारखे आहे. गावात २४ वॉटचे ४० दिवे आहेत आणि ते रात्री ११ तास जळतात असे धरले, तर एका रात्रीत साधारण साडेदहा युनिट वीज लागते. दिवे बंद करण्याची जबाबदारी कोणावर आहे हे ठरलेले नसेल आणि ते दिवसाचे उरलेले १३ तासही जळत राहिले, तर आणखी साडेबारा युनिट खर्ची पडतात. म्हणजे रात्रीच्या उजेडापेक्षा दिवसाच्या उजेडात जाळलेल्या विजेचे बिल अधिक येते. स्वयंचलित घड्याळ बसविल्यास हा अपव्यय थांबतो, परंतु ऋतुमानाप्रमाणे त्याची वेळ बदलावी लागते, आणि ते कोणी बदलावयाचे हेही लिहून ठेवावे लागते. दिवाबत्तीच्या तारेवर टाकलेल्या आकड्याची वीजही ग्रामपंचायतीच्याच मीटरवर चढते. तसेच जुने सोडियमचे दिवे काढून एलईडी बसविल्यावर कमी झालेल्या भाराची नोंद कंपनीकडे करून घेतली पाहिजे. मीटर नसेल किंवा बंद असेल, तर दिवे बदलूनही देयक जुन्याच हिशेबाने येत राहते.

थकबाकीचा विषय कटू असला तरी टाळता येणार नाही. २०२१ मध्ये थकबाकीपोटी राज्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांचा पुरवठा महावितरणने तोडला आणि ठिकठिकाणी गावे अंधारात गेली. पुढे पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ही देयके भरण्याची मुभा देण्यात आली. कंपनीला वीज विकत घ्यावी लागते आणि तिचे पैसे बुडवून चालणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु न वाचलेल्या मीटरचे सरासरी देयक वर्षानुवर्षे पाठवीत राहणे, ही काही वसुलीची रीत नव्हे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्यापूर्वी किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे. देयकाबद्दल वाद असल्यास मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. ग्रामपंचायत ही कंपनीची ग्राहक आहे, आणि कोणत्याही ग्राहकाप्रमाणे तिला तक्रार निवारण मंचाकडे व पुढे विद्युत लोकपालाकडे जाता येते. ही तरतूद अनेक सदस्यांना ठाऊक नसते. अर्थात मंचाकडे जाण्याआधी दोन्ही बाजूंनी मीटरजवळ उभे राहून दिवे मोजले आणि संयुक्त पाहणीचा कागद केला, तर निम्मे वाद तेथेच मिटतात.

हद्दीच्या दोन्ही बाजूंना चालणारा एक माणूस गावातच असावा, या हेतूने शासनाने २०१६ मध्ये ३,००० पर्यंत लोकवस्तीच्या गावांसाठी ‘ग्राम विद्युत व्यवस्थापक’ ही योजना पुढे आणली. आयटीआयमध्ये वीजतंत्रीचे शिक्षण घेतलेला स्थानिक तरुण ग्रामपंचायतीमार्फत नेमावा आणि त्याने वीज कंपनीच्या देखरेखीखाली काम करावे, अशी ही कल्पना आहे. कल्पना चोख आहे. मात्र त्याचा मोबदला वेळेवर न मिळाल्यास तो तरुण शहराकडे जाणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

शहरांत आता तिसरा पक्षही आला आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमाखाली देशात एक कोटीहून अधिक एलईडी दिवे बसविण्यात आले. त्यात एनर्जी एफिशिअन्सी सर्व्हिसेस लिमिटेड ही कंपनी दिवे बसविते, सात वर्षे त्यांची देखभाल पाहते, आणि नगरपालिका वीजबचतीतून तिचे पैसे फेडते. अशा करारात बंद दिवा किती तासांत सुरू करावयाचा आणि न केल्यास किती रक्कम कापावयाची, ही कलमे मुख्याधिकाऱ्यांनी बारकाईने वाचावीत. करार संपल्यानंतरची व्यवस्था शेवटच्या वर्षाआधीच ठरविलेली बरी.

शिक्षकांचा या कामाशी काय संबंध, असे कोणी विचारील. बहुतेक गावांत खांबांची यादीच नसते. ‘मारुतीच्या देवळामागचा खांब’ असे सांगून उपविभागातील माणसाला काही बोध होत नाही. ग्रामपंचायतीने प्रत्येक खांबावर क्रमांक रंगवून घ्यावा, आणि परिसर अभ्यासाच्या तासाला विद्यार्थ्यांनी गावाच्या नकाशावर ते क्रमांक मांडावेत. खांबाला व ताणाच्या तारेला हात लावायचा नाही, हा पहिला धडाही तेव्हाच देता येईल. त्या नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाखा कार्यालयात राहावी. मग १९१२ या क्रमांकावर तारेची तक्रार नोंदविणारा ग्रामस्थ खांबाचा क्रमांक सांगू शकेल, आणि दिव्याची तक्रार ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्याच क्रमांकाखाली लिहिली जाईल. ही वही प्रत्येक ग्रामसभेपुढे ठेवावी.

मे महिन्यात कंपनी तारांलगतच्या फांद्या छाटते. त्या वेळी ग्रामपंचायतीचा माणूस बरोबर असल्यास दिवे झाकणाऱ्या फांद्याही त्याच फेरीत निघतात, गंजलेले ब्रॅकेट व खांबात वीज उतरविणाऱ्या उघड्या जोडण्या नजरेस येतात, आणि मृगाचा पहिला पाऊस पडण्याआधी त्या बंदिस्त करून घेता येतात.