खो देणारा गडी

खो-खोच्या मैदानावर कधीकधी सगळ्यात वेगवान पोरगीच संघाला महागात पडते. संरक्षक हाताच्या अंतरावर दिसतेय, अजून दोन पावलांत सापडेल असं वाटतं आणि ती धावतच राहते. तेवढ्यात संरक्षक दोघींच्या मधून पाटी ओलांडून पलीकडे जाते. आक्रमकाला पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांब येईपर्यंत सोडता येत नाही. तिच्या पायातली सगळी ताकद त्या क्षणी वाया जाते. उपयोगी पडू शकते ती पलीकडे तोंड करून चौकात बसलेली मैत्रीण; तिच्या पाठीवर वेळेवर थाप पडली आणि 'खो' ऐकू आला, तर.

म्हणून या खेळातला जाणता प्रशिक्षक मुलींना धावायला शिकवतोच, पण त्याहून जास्त वेळ धाव सोडून द्यायला शिकवण्यात घालवतो. पारंपरिक खेळात एक जण धावतो आणि आठ जण चौकांत बसलेले असतात. बसलेल्यांना खो मिळण्याआधी उठता येत नाही. उठलं की फाऊल. पण डोळे मिटूनही चालत नाही, कारण खो कोणत्या क्षणी येईल याचा नेम नसतो. हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर, फक्कीने आखलेल्या पाटीवर हे दृश्य पाहायला मिळतं. शिट्टी वाजल्यापासून सगळ्यांची नजर धावणारीवर असते. प्रशिक्षकाची नजर मात्र बसलेल्या आठ जणींवर हवी. संघ बांधणाऱ्या माणसाची पारख तिथेच होते.

मराठवाड्यात अशा प्रशिक्षकाचं फार चांगलं उदाहरण आहे. धाराशिवची सारिका काळे घरच्या गरिबीत वाढली. जवळपास दहा वर्षं घरात दिवसाला एकच वेळचं जेवण परवडत होतं, असं तिने स्वतः सांगितलं आहे. आर्थिक ओढाताणीला कंटाळून 2016 मध्ये तिने खेळ सोडायचा विचार केला होता. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत घातली आणि ती मैदानावर परतली. त्याच वर्षी गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल 22 वर्षांनी आला होता. पुढे जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78–40 असं हरवलं, तेव्हा कर्णधार होती बीड जिल्ह्याची प्रियांका इंगळे आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती.

खेळाचं तंत्र पुस्तकातूनही शिकता येतं. घरी निघालेल्या पोरीला थांबवायचं असेल, तर तिच्या घरात काय चाललंय हे प्रशिक्षकाला आधीपासून ठाऊक असावं लागतं. कार्यालय असो की बचत गट, नेमकं हेच काम पुढाऱ्याच्या यादीत शेवटी राहतं.

संघ घडवण्याची दुसरी परंपरा मुंबईच्या शिवाजी पार्कवरच्या क्रिकेटची. तिथले प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर सराव संपत आला की मधल्या यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. फलंदाजाला बाद करेल त्या गोलंदाजाला ते मिळे. बाद न होता टिकला, तर फलंदाजाला. शाळकरी सचिन तेंडुलकरने अशी तेरा नाणी मिळवली आणि जपून ठेवली. रुपयाला किंमत नव्हती. पण पोरं थकलेली असताना, उजेड उतरत असताना, त्या नाण्यामुळे शेवटच्या चेंडूलाही पहिल्या चेंडूएवढंच महत्त्व येत असे.

सरांच्याच हाताखाली घडलेले चंद्रकांत पंडित 1999 मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार होते. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना, कर्नाटकविरुद्ध पहिल्या डावाची आघाडी, आणि तरीही शेवटच्या दिवशी संघ कोसळला. 23 वर्षांनी, जून 2022 मध्ये, त्याच मैदानावर, त्याच राज्याचा प्रशिक्षक म्हणून पंडितांनी मुंबईला हरवून करंडक उचलला. आवेश खान आणि वेंकटेश अय्यर हे भारतीय संघातले दोघे त्या सामन्यात नव्हते. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांनी शतकं ठोकली. मोठ्या नावांवाचून संघ उभा राहिला, हे त्या विजयातलं खरं मोल आहे.

पंडितांची शिस्त कडक, आणि तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. कोलकाता नाईट रायडर्सचे ते प्रशिक्षक असताना काही परदेशी खेळाडूंना ती लष्करी वाटली, असं डेव्हिड वीजा या खेळाडूने उघडपणे सांगितलं. त्याच संघाने 2024 मध्ये पंडित प्रशिक्षक आणि गौतम गंभीर मार्गदर्शक असताना आयपीएल जिंकली, हेही खरं. पण विशीतल्या, जिंकण्याची सवय नसलेल्या पोरांना जो धाक आधार देतो, तोच जगभर खेळून आलेल्या प्रौढ खेळाडूला अपमानासारखा लागू शकतो. समोर कोण आहे हे न पाहता एकच पट्टी लावणाऱ्या मुख्याध्यापकांनी आणि साहेबांनी हा प्रसंग जरूर आठवावा.

वेळेवर खो देण्याची ही गरज हिंगोलीत कुठे पडेल? वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता गावोगावच्या शेतकरी गटांना एकत्र राहून माल विकायचा आहे. शिजवणं, वाळवणं, पॉलिश, प्रतवारी, वजन, व्यापाऱ्याशी बोलणी, एवढी कामं आहेत. यातली बोलणी एकटा अध्यक्षच करत असेल आणि हिशेबाची वही त्याच्याच घरी असेल, तर तो गट पाटी ओलांडू न शकणाऱ्या त्या वेगवान पोरीसारखा अडकणार. अध्यक्षाने एखाद्या हंगामात बाजार समितीत दुसऱ्याला पुढे करावं आणि आपण मागे उभं राहावं. भाव दोन रुपये कमी मिळाला तरी चालेल.

पुढारी बाजूला झाल्यावरही उभं राहणं विदर्भाच्या क्रिकेट संघाने करून दाखवलं आहे. रणजीत साठ वर्षं खेळूनही या संघाने अंतिम फेरी पाहिली नव्हती. पंडित प्रशिक्षक म्हणून आले, आणि 2017-18 व 2018-19 असे लागोपाठ दोन करंडक आले. पहिल्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, तर तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकरने 133 धावा केल्या. मग पंडित गेले, कर्णधार फैज फजल निवृत्त झाला. मार्च 2025 मध्ये नागपुरात केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. प्रशिक्षक होते उस्मान घनी. कर्णधार होता अक्षय वाडकर.