वैनगंगेकाठची वडीलधारी माणसे

(वर्षावासानिमित्त विहारात दिलेले व्याख्यान)



आज मी धम्माच्या तत्त्वज्ञानावर बोलावे अशी चालकांची इच्छा होती. परंतु तो अधिकार पूज्य भिक्खूंचा व व्यासंगी विद्वानांचा आहे. मी साधा कार्यकर्ता. गेली काही वर्षे भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या बाजूने, वैनगंगेच्या काठाकाठाने हिंडून मी एकच काम करीत आलो आहे. ज्यांनी १९५६ साली दीक्षा घेतली त्या वृद्ध माणसांजवळ बसावयाचे आणि त्यांचे बोलणे ऐकून घ्यावयाचे. त्या वेळी वीस वर्षांचा असलेला तरुण आज नव्वदीच्या घरात आहे. मागील खेपेस ज्यांच्या ओट्यावर बसलो होतो, त्यांतील कित्येकांचे ओटे या खेपेस रिकामे दिसले.

आपणांपैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आहे. घरातील देवांचे काय करावे, आजीचे उपास कसे सुटावेत, मुलाच्या दाखल्यावर काय लिहावे, हे प्रश्न आज आपल्या घरात उभे आहेत. तेच प्रश्न या वृद्धांच्या घरांतही एकदा उभे राहिले होते. त्यांची नावे मी सांगणार नाही. तसे मी त्यांना वचन दिलेले आहे.

प्रथम एका आजीबाईंचे सांगतो. त्यांनी सारे आयुष्य बिड्या वळण्यात घालविले. आजही बोलताना त्यांची बोटे रिकामी असली तरी पान गुंडाळल्यासारखी हलत असतात. दीक्षेच्या वेळी त्या सतरा-अठरा वर्षांच्या, नुकत्याच सासरी आलेल्या. त्यांचे सासर विणकरांचे. आपल्या या भागातील पुष्कळ घरे पूर्वी जाडेभरडे कापड विणून पोट भरीत. गिरणीच्या कापडाने तो धंदा बुडविला. या घरातला माग कित्येक वर्षे बंद पडून होता. नागपूरला पांढरी वस्त्रे नेसून जावयाचे असे कळले तेव्हा सासऱ्यांनी तोच माग झाडूनपुसून पुन्हा लावला आणि सुनेसाठी पांढरे लुगडे विणले. त्या मागावरचे ते शेवटचे कापड. नंतर त्याचे लाकूड चुलीत गेले.

“सत्तावीस मानसं निंगालो, बाबू,” आजी म्हणाल्या. “नागभीडकडून येनारी छोटी गाडी. आत पाय ठेवाले जागा नाही. भाकरी फडक्यात बांधल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. भूक कोनाले होती?”

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी पूज्य चंद्रमणी महास्थवीरांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी समोरच्या अफाट समुदायाला उठून उभे राहावयास सांगितले, हे आपण सर्व जाणता. मी आजींना विचारले, तुम्ही काय पाहिले? त्या म्हणाल्या, काही दिसले नाही. पुढे माणसेच माणसे. आवाज ऐकू आला. सर्व उठले तेव्हा आपणही उठलो. प्रतिज्ञा म्हणता म्हणता सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि पुरुषाला रडताना आपण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

परत आल्यावर सासऱ्यांनी घरातील टाक, तसबिरी, शेंदूर फासलेले दगड असे सर्व एका टोपलीत भरले व वैनगंगेत सोडून दिले. सासू नागपूरला गेली नव्हती. घर राखावयास मागे राहिली होती. ती काही बोलली नाही. पुढे चौदा वर्षांनी ती वारली. कणगी रिकामी करताना तळाशी मरीआईचा तांदळा निघाला. चौदा वर्षे धान्याखाली देवी लपवून ठेवलेली! आजींचे यजमान संतापले. आपल्या आईने बापाला फसविले, धम्माला फसविले, असे म्हणून तो दगड भिरकावून देण्यास ते निघाले.

आजींनी त्यांचा हात धरला. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे टिपून घेतले आहेत : “पाच लेकरांतले तीन पटकीत गेले तिचे. एका आठवड्यात. तिची भक्ती नोती, भेव होता. अन् तुमी आता फेकाले धावता, तो बी भेवच हाय. दगडाले कायले भ्यायचं?” त्यांनी तो धुतला, शेंदूर घासून काढला आणि दाराला अडसर म्हणून लावून ठेवला. तो अजून तेथे आहे. पतवंडे त्यावर चिंचोके फोडतात. मीही दोन खाल्ले.

आमच्या काही कडव्या मित्रांना ही गोष्ट आवडत नाही. तो दगड घरात राहिलाच का, असे ते विचारतात. मला मात्र त्या निरक्षर बाईंची समज आपल्या अनेक ठरावांहून पक्की वाटते. ज्या घरात तीन मुले आठवड्यात गेली त्या घरातील म्हातारीला एका सकाळी भय सोडावयास सांगणे सोपे नाही. प्रतिज्ञा बावीस आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत, यात शंका नाही. पण सासूवर ओरडून त्या पाळल्या जात नाहीत.

दुसरे गृहस्थ निवृत्त शिक्षक. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी ते शाळकरी होते. गणनेस आलेल्या मनुष्याने काही न विचारताच ‘हिंदु’ लिहिले. वडिलांना वाचता येत नव्हते. मुलाने वाचून सांगताच ते उठले आणि त्या मनुष्याच्या दारात जाऊन बसले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसले. शेवटी खोडून ‘बौद्ध’ लिहावे लागले. १९५१ साली महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची नोंद अडीच हजारही नव्हती. १९६१ साली ती सुमारे २७ लाख ८९ हजार झाली. त्यातील कितीजण असे कोणाच्या तरी दारात बसले असतील!

या अक्षरांची किंमत गुरुजींना पुढे मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदु धर्माबाहेर गेलेल्यास अनुसूचित जातीचा मानीत नसत. शिखांचा समावेश १९५६ साली झाला, बौद्धांचा झाला नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांना आपल्या सवलती लागू केल्या, परंतु केंद्राच्या नोकऱ्यांचे दार बंदच होते. गुरुजींना केंद्राच्या एका खात्यात जागा मिळत होती. तेथील अधिकारी म्हणाला, ‘हिंदु’ एवढे लिही, उद्यापासून कामावर ये. वडील म्हणाले, “तूच ठरव. मी तुले लिवाले शिकोलं, काय लिवायचं थे नाही.” गुरुजींनी ‘बौद्ध’ लिहिले, जागा गेली, आणि ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले.

येथपर्यंत ऐकून आपण टाळ्या वाजवाल. पुढेही ऐका. गुरुजींच्या धाकट्या भावाने ‘हिंदु महार’ लिहिले व तशीच नोकरी मिळविली. त्याच्या पगारावर आईवडिलांचे औषधपाणी झाले. गुरुजींच्या दोन्ही मुली त्याच्या पैशांनी शिकल्या. मी विचारले, गुरुजी, भावाचा राग येत नाही? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी ताठ राहिलो, कारण तो वाकला होता. हे मला कळायला पन्नाशी उलटली.” १९९० साली कायदा सुधारला आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा केंद्रातही समावेश झाला, तेव्हा भावाच्या नोकरीची थोडीच वर्षे उरली होती. तो वारला तेव्हा घरी भन्ते आले व सर्व विधी बौद्ध पद्धतीने झाला. कागदावर मात्र तो शेवटपर्यंत हिंदुच राहिला.

म्हणून जनगणनेत किंवा दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जाईल, असे आज कोणी आपणांस भिववील तर १९९० चे साल त्याला सांगा. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात आपली मूळ अनुसूचित जात, असे दोन्ही लिहिता येते.

तिसरे बोलणे थोडक्यात सांगतो. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले आणि मातीखालून प्राचीन स्तूप निघाला. त्या कामावर मजुरीने असलेले एक बाबा मला भेटले. दीक्षा घेऊन तेरा-चौदा वर्षे झालेला मनुष्य आपल्याच गावात फावड्याने बुद्धाचा स्तूप उकरीत होता, आणि हे त्याला ठाऊक नव्हते! साहेबांनी सांगितले तेव्हा, म्हणाले, आपण खाली उतरून चपला बाहेर ठेवून आलो, मुकादम हसला. शिळांवर ब्राह्मी लिपीत अक्षरे होती. ही कोणत्या राजाची नावे, असे यांनी विचारले. ज्यांनी दान दिले त्यांची, असे उत्तर मिळाले. बाबा मला म्हणाले, “राजाचं नाव असन असं वाटलं होतं. थे त् आपल्यासारखेच लोक निंगाले.”

मागच्या महिन्यात मी आजीबाईंकडे पुन्हा गेलो आणि त्यांच्याविषयी लिहिलेले त्यांना वाचून दाखविले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. एका ठिकाणी त्यांनी मला थांबविले. “सत्तावीस नाही, अठ्ठावीस लिव. माही जाऊ गरवार होती.” मी वहीत दुरुस्ती केली.

येत्या रविवारी दुपारी ती वही घेऊन मी याच विहारात बसणार आहे. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे असतील त्यांनी त्यांना घेऊन यावे; चालता येत नसेल तर निरोप द्यावा, मी घरी येईन. 

जय भीम!