पीएच.डी.नंतरची दोन वर्षे



केंद्र सरकारच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने २०१५ साली पीएच.डी.-उत्तर राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू केली. मुदत दोन वर्षे, तीही आयुष्यात एकदाच. आरंभीचे वेतन दरमहा ५५,००० रुपये. प्रयोगखर्चासाठी सालीना २ लाख वेगळे. ही शेवटची तरतूद मोलाची, कारण मार्गदर्शकापुढे हात न पसरता तरुण संशोधकाला स्वतःचा प्रश्न हाती घेता येतो. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु छापलेले शोधनिबंध मोजून अशा योजनेचे मूल्यमापन करणे ही फसवणूक ठरेल. उपकरणे व रसायने मागवण्यात पहिले काही महिने सरतात; निबंध प्रसिद्ध होईतो मुदत संपलेली असते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. २०२२ साली केंद्रीय विद्यापीठांत अध्यापकांच्या सहा हजारांहून अधिक जागा रिकाम्या होत्या. म्हणजे एका हाताने माणूस घडवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्यापुढचे दार लावून घ्यायचे!

संशोधकांना जे मिळाले तेही मागितल्यावाचून मिळालेले नाही. देशभरच्या आंदोलनानंतरच जानेवारी २०१९ मध्ये कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २५,००० वरून ३१,००० झाली.

आता हे मंडळ २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे. पाच वर्षांच्या ५० हजार कोटींपैकी सुमारे ३६ हजार कोटी उद्योगपती, देणगीदार आदींकडून येतील, असा सरकारचा हिशेब आहे. तेव्हा अधिछात्राने कोणता प्रश्न हाती घ्यावा हे कोण ठरवणार, आणि मुदत संपल्यावर तो कुठे आहे याची नोंद कोण ठेवणार, हे संसदेत विचारले गेले पाहिजे.